कोल्हिणीच्या रक्ताची बर्फपेटी

साहेब, धडधाकट कोल्हीण तुम्ही आजारी ठरवलीत आणि पिंजऱ्यात डांबलीत. हे मी तुमच्या तोंडावर सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. उल्हासनगरच्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. अंग निळं, झाकण लाल, कारण निळी झाकणं त्या दिवशी संपली होती. सात उन्हाळे मी मुकेशभाईंची कुल्फी सांभाळली. पोरं माझ्या गार अंगाला गाल लावायची. पुढे कडी तुटली आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. तिथून मला जनावरांच्या डॉक्टर तेजलताईंनी आणलं. आता माझ्या पोटात रानातल्या कोल्ह्यांचं रक्त असतं. कुल्फीनंतर रक्त! मला काही उमजेना.

परवा चिखलोलीच्या टेकडीवर सापळ्यात एक कोल्हीण आली. ताईंनी तिचं रक्त काढलं. टेकडीचे राखणदार नाथामामा म्हणाले, "आजारी नाय, मंग सुई कशाला टोचता?"

"कुत्र्यांचा रोग कोल्ह्यांपर्यंत पोचलाय का, ते बघायचंय, मामा. परदेशात समुद्रसिंहांचंही असंच रक्त तपासतात. आणि लगेच समुद्रात सोडतात."

"समुद्रात सिंह? मंग तिथल्या कोळ्यांची काय खैर नाय!"

ताई हसल्या. कोल्हिणीला सोडणार, तेवढ्यात वनखात्याच्या साहेबांचा फोन. रिपोर्ट येईपर्यंत ऑफिसात ठेवा.

"सर, ती दूध पाजतेय."

फोन कट.

काल रिपोर्ट आला. ताईंनी साहेबांना समजावलं. पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात रोगाशी लढल्याच्या जुन्या खुणा आहेत, विषाणू नाही. रोग होऊन गेला, ती बरी आहे.

"पॉझिटिव्ह लिहिलंय ना, मॅडम? मग पॉझिटिव्ह!"

साहेबांनी पिंजऱ्यावर 'रोगी' अशी पाटी लावली. ताई म्हणतात बरी, पाटी म्हणते रोगी. रक्त तर एकच, माझ्याच पोटातून गेलेलं. वाटेत मीच काही बिघडवलं का? बर्फ कमी पडला का? मी स्वतःलाच विचारत बसले.

आज नाथामामा टेकडीवरून आले. तिच्या बिळात चार पिल्लं आहेत. "काल समदी वरडत व्हती. आज दोनच वरडतात," ते ताईंना म्हणाले.

मित्रांनो, जनावराला सुई टोचायची, तर त्याला घरी पोचवायचंही आपल्याकडेच असतं. एवढं माझ्यासारख्या कुल्फीच्या पेटीलाही कळतं.

साहेब, ताई तुमच्या दारात उभ्या आहेत. पिंजऱ्याची किल्ली तुमच्या खिशात आहे. देता की नाही? रिपोर्ट, फाईल, वरचा हुकूम काही सांगू नका. हो की नाही, आत्ता बोला.