घे, काढला हात

दुरुस्तीवालीने प्लग पुन्हा भिंतीत खोचला, तसा कुलूपवाला आपोआप एक पाऊल मागे सरला. टेबलाखालचा डबा घुरघुरला, पडदा उजळला आणि मुलाने कधीतरी लावून ठेवलेलं तळ्याचं चित्र त्यावर आलं. आतून कोणी बाहेर आलं नाही. कुलूपवाल्याने तेवढ्यापुरता श्वास सोडला.

"परवापासून बंदच ठेवलात?" चष्मा वर ढकलत दुरुस्तीवालीने विचारलं. कोपऱ्यावर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि चाळिशी ओलांडल्यापासून गिऱ्हाइकांना दटावायचा हक्क तिने स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता.

"मग काय करणार? चोर घरात असताना दार उघडं ठेवू?"

"चोर गेला हो काका. तुम्ही वायर ओढलीत तेव्हाच गेला. आता कडी लावायची तेवढी."

"बैल गेला नि झोपा केला," तो पुटपुटला. "पण करा."

चाळीस वर्षं त्याने कुलपं विकली होती, दुरुस्त केली होती, किल्ल्या हरवलेल्यांची दारं उघडून दिली होती. आता हात थरथरायला लागले म्हणून दुकान पुतण्याकडे दिलं, तरी लोक त्याला कुलूपवालाच म्हणत. आणि त्याच्याच घरात, भर दुपारी, त्याच्या बायकोने फोनवरच्या कुणा परक्या माणसाला आकडे वाचून दाखवले आणि आत घेतलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही कुलूपवाल्याच्या घरच्या! लोकांना कळलं तर हसून लोळतील, हे त्याला दोन दिवस सलत होतं. आणखीही काहीतरी सलत होतं, पण ते काय हे त्याला धड सांगता आलं नसतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी होती. दोन दिवसांत ती मोजून चार वाक्यं बोलली असेल.

"इथल्या व्हायरसपासूनच्या संरक्षणाची मुदत संपून पाच महिने झालेत," दुरुस्तीवाली पडद्याकडे बघत म्हणाली. "विकतचं होतं हे. दरवर्षी कोण नवं करून घ्यायचं?"

"मुलगा," कुलूपवाला म्हणाला. "तिकडूनच करायचा."

मुलगा गेला हे दुरुस्तीवालीलाही ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी, दूरच्या शहरात, ऑफिसला निघालेला तो ऑफिसात पोचलाच नाही. ती उगाच दोन-चार ठिकाणी क्लिक करत राहिली आणि मग कामाच्या आवाजात म्हणाली, "आता विकतचं घ्यायची गरज नाही. कॉम्प्युटरबरोबर जे येतं ना, तेच चालू करून देते. घरच्या वापराला पुरे. फुकट आहे."

"फुकट?" कुलूपवाल्याच्या कपाळावर आठी पडली. "फुकट कुलूप देणारा एक किल्ली स्वतःकडे ठेवतो. निदान आमच्या धंद्यात तरी."

"सगळेच नाही ठेवत. पण शंका बरोबर आहे तुमची. काही फुकटवाले जाहिराती दाखवून जीव खातात, काही तुम्ही काय बघता याची खबर दुसऱ्याला विकतात. म्हणून तर म्हणते, नवीन काही आणू नका, आहे तेच नीट वापरा."

"मग असं करा. तेही असू दे आणि वर अजून एक घाला. दोन कुलपं."

"नाही चालत, काका. असे दोन प्रोग्रॅम एका घरात नांदत नाहीत. हा त्याला चोर समजतो, तो ह्याला. आपसात भांडत बसतात आणि खरा चोर मधून निघून जातो."

कुलूपवाल्याची नजर नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. बायको फडक्याची घडी घालत होती.

दुरुस्तीवालीने यादी खाली सरकवली आणि एका निळ्या खुणेवर बोट ठेवलं. "हा बघा. दार हे. तो माणूस इथूनच आत आला."

तो प्रोग्रॅम मुलानेच घातला होता, तोही फुकटचाच. दूर बसलेल्या माणसाला त्यातून इथला बाण हलवता येई. काही अडलं की आई फोन करायची आणि पडद्यावर उमटलेले आकडे वाचून दाखवायची. मग म्हणायची, "घे, काढला हात." माउसवरचा हात उचलून ती दोन्ही हात मांडीवर ठेवायची, आणि बाण आपला आपण चालायला लागायचा.

काम पाच मिनिटांचं असे. पण ती जेवणाच्या सुट्टीतच फोन करायची, आणि त्याच्या शेजारी माणसं बसलेली असत, त्यामुळे त्याला मोकळं बोलता यायचं नाही. मग ही बोलायची आणि तो बाणाने मान हलवायचा. हो म्हणायचं तर वर-खाली, नाही म्हणायचं तर आडवा. जेवलास का? वर-खाली. खोकला गेला का? आडवा. काम संपलं तरी तो लगेच जायचा नाही. तिचा अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव उघडायचा आणि तिच्या नजरेतून सुटलेल्या पानाभोवती बाण दोनदा गोल फिरवायचा. अगं आई, हे बघ की! मग ती एकटीच खुदकन हसायची. कुलूपवाला येता-जाता हे बघायचा आणि म्हणायचा, "त्यापेक्षा चार दिवस घरी ये म्हणावं."

परवा दुपारी तो आतल्या खोलीत लवंडला होता. डोळा लागता लागता त्याला बाहेरून ऐकू आलं, "घे, काढला हात." तो ताडकन उठून बसला. एक क्षण, अगदी एकच क्षण, आठ महिने झालेच नव्हते. मग तो पडून राहिला, स्वतःला समजावत, की ऐकण्यात चूक झाली असेल. बऱ्याच वेळाने परत तिचा आवाज आला, "जेवलास का?" तेव्हा तो बाहेर धावला. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, बाण पडद्यावर मध्येच थबकला होता, बँकेचं पान उघडलेलं होतं आणि फोनमधून कुणी परका माणूस विचारत होता, "काय म्हणालात मॅडम?" कुलूपवाल्याने वायर भिंतीतून उपटली. आणि लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला, "अक्कल गहाण टाकलीस की काय?"

"हा काढून टाकायला हवा," दुरुस्तीवाली सांगत होती. "एकदा फसवलेलं घर ते लोक लक्षात ठेवतात. परत फोन येणार." मग तिने दाराकडे वळून हळूच विचारलं, "काकू, त्याने आकडे मागितले तेव्हा जरासुद्धा संशय नाही आला?"

"आला ना. पहिल्या हॅलोलाच आला."

कुलूपवाल्याने मान वर केली.

"तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसले मी," बायको म्हणाली. "कानाला यंत्र लावून. दिवसाला हजार आवाज. खरं कोण बोलतंय, खोटं कोण, ते मला शब्दाआधी कळतं. तो म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय. मी मनात म्हटलं, आता तूच शिरतोयस की."

"मग आकडे का दिलेत?"

बायकोने घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"बाण हलेल म्हणून," ती म्हणाली.

दुरुस्तीवालीने चष्मा काढून हातात घेतला.

"पासवर्ड मागितला त्याने, पाच वेळा. म्हटलं, चष्मा शोधतेय रे बाबा. चष्मा डोळ्यांवरच होता." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "चाळीस मिनिटं नाचवला मी त्याला. आपल्याच्यासारखा नव्हता तो, धसमुसळा होता. कसाही पळवायचा. पण हलत होता ना! कोणीतरी तिकडून हलवत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, जेवलास का म्हणून. तेव्हा मात्र थांबला. त्याला काय माहीत."

कुलूपवाला स्टुलावर बसला. त्याला दुकान आठवलं. घरातलं माणूस गेलं की काही लोक महिनाभरात कुलूप बदलून न्यायचे, कारण एक किल्ली गेलेल्या माणसाच्या खिशात कुठेतरी राहिलेली असायची. आणि काही लोक कधीच यायचे नाहीत. कुलूप गंजलं, किल्ली अडकायला लागली, तरी नुसतं तेल घालून मागायचे. नवीन घ्या म्हटलं तर म्हणायचे, राहू दे, आहे ते बरं आहे. अशा गिऱ्हाइकांशी तो कधी वाद घालत नसे. चाळीस वर्षांत एकदाही घातला नव्हता. आणि स्वतःच्या बायकोला मात्र अक्कल विचारून बसला.

"ठेवता येईल का?" त्याने दुरुस्तीवालीला विचारलं. "काही बंदोबस्त करून?"

दुरुस्तीवाली उत्तर जुळवायला लागली, पण बायकोच पुढे आली.

"काढ गं," ती म्हणाली. "धोका आहे म्हणतेस ना, मग काढ. तिकडून आता कोण येणार आहे?" आणि आत जाता जाता म्हणाली, "मी चहा ठेवते. मला बघायला नको."

निळी खूण गेली तेव्हा आत भांड्याचा आवाज झाला, नेहमीपेक्षा जरा मोठा. दुरुस्तीवालीने उरलेलं काम उरकलं. जाहिराती अडवणारं एक छोटंसं फुकटचं साधन घातलं, पासवर्ड बदलले, दर आठवड्याला काय बघायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. चहा तिने उभ्यानेच घेतला. "आता घर बंदोबस्तात आहे, काका," ती म्हणाली. त्याने मान हलवली.

बंदोबस्त झाला आणि बायकोने कॉम्प्युटरकडे पाठ फिरवली. एक दिवस गेला, दोन गेले. पडद्यावर तिने टॉवेल टाकला, धूळ बसते म्हणून. दुपारची ती आता भिंतीकडे तोंड करून पडायची. झोपलेली नसायची. श्वासावरून कळायचं ते त्याला, तेवढी वर्षं काही फुकट गेली नव्हती. तिला हाक मारावी असं त्याला वाटे, पण पुढे काय बोलायचं ते सुचत नसे. ओरडायला एक वाक्य पुरलं होतं, ते परत घ्यायला सगळी भाषा अपुरी पडत होती. आणि हे असंच चाललं तर मुलापाठोपाठ ही पण हळूहळू त्या भिंतीत निघून जाईल, अशी त्याला धडधडीत भीती वाटली.

सहाव्या दिवशी तो दुरुस्तीवालीच्या दुकानात गेला.

"बिनवायरीचा माउस मिळेल का?"

"आहे त्याला काय झालं?"

"काही नाही. त्याच्या जोडीला हवाय."

"एका कॉम्प्युटरला दोन?" तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"भांडतात का हे आपसात?"

दुरुस्तीवालीने मागच्या फळीवरचं खोकं काढलं, उघडलं, सेल घालून माउस चालवून बघितला.

"नाही," ती म्हणाली. "हे नाही भांडत."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने टॉवेल काढला, कॉम्प्युटर चालू केला आणि बायकोला म्हणाला, "तुझा तो पत्त्यांचा डाव काढ बघू. मला बातम्या वाचताना कुणीतरी समोर हलतं-बोलतं लागतं."

"तुम्हाला कधीपासून?"

"आजपासून."

ती कुरकुरत बसली. तो मागच्या खाटेवर वर्तमानपत्र उघडून बसला. पत्रामागे, मांडीवर, दुकानातल्या जुन्या पेटीचं लाकडी झाकण होतं, आणि झाकणावर नवा माउस. पडदा मात्र त्याला धड दिसत नव्हता. तिचं डोकं आणि खांदा मध्ये येत होता.

डाव लागला, पुढे सरकला, अडला. हनुवटीला हात लावून ती पानं बघत राहिली. त्याला एका बाजूने लाल राणी दिसत होती आणि काळा राजा मोकळा पडला होता. त्याने माउसवर हात ठेवला. बाण हलला.

हात थरथरत होता, त्यामुळे बाणही थरथरत निघाला. वाटेत दोनदा भरकटला. राणीशी पोचल्यावर त्याने तिच्याभोवती एक गोल काढायचा प्रयत्न केला, तो वाकडातिकडा झाला. दुसरा त्याहून वाकडा.

बायकोची पाठ ताठ झाली. कुलूपवाल्याला वाटलं, आता ती वळेल. चिडेल, रडेल, ही कसली चेष्टा म्हणेल. हातातला कागद वाजू नये म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला.

ती वळली नाही. कितीतरी वेळाने तिने माउसवरचा हात सावकाश उचलला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घे," ती पडद्याला म्हणाली. "काढला हात."

त्याला काही दिसेना. त्याने बाहीने डोळे पुसले.

"जेवलास का?"

बाण थरथरत वर गेला, थरथरत खाली आला.

"हं," ती म्हणाली. मग पाय टेकवून तिने खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली. आता त्याला सगळा पडदा दिसत होता.