तीनच्या भोंग्याचा रस्ता

रत्नपालजींना रस्ता ओलांडता येत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. फक्त रत्नपालजींना कुणी सांगितली नव्हती. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला असलं काही सांगायचं तर सुरुवात कुठून करायची?

त्यांचा तरी काय दोष. एकतीस वर्षं ते मिलमध्ये होते, शेवटची बारा विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम म्हणून. तीनचा भोंगा वाजला की फाटक उघडायचं आणि दोन हजार माणसं एकदम रस्त्यावर यायची. त्या माणसांनी रस्ता ओलांडला असं म्हणणं बरोबर नाही. रस्ताच बाजूला व्हायचा. पुढचे चार-दोन जण डबा धरलेला हात वर करायचे, तांगे थांबायचे, ट्रक थांबायचे, आणि चौकातला शिपाई पाठ फिरवून बिडी पेटवायचा, कारण पुढची दहा मिनिटं त्याला काम नसायचं. रत्नपालजी उजवीकडे बघायचे ते त्यांच्याच खात्यातला नथू आला का हे पाहायला, आणि डावीकडे बघायचे ते थुंकायला.

मग मिल बंद पडली. त्याच सुमाराला दिल्लीत कुणीतरी देशाची दारं उघडली म्हणे. त्यांच्या वस्तीत, परदेशीपुऱ्यात, एवढंच दिसलं की एक फाटक बंद झालं आणि दुसऱ्या कुठल्यातरी फाटकातून मोटारी बाहेर पडायला लागल्या. आधी पांढऱ्या, मग लाल, मग ज्या रंगाचं नाव रत्नपालजींना येत नव्हतं त्या रंगाच्या. त्यांचा मुलगा बुद्धरत्न पीथमपूरच्या एका कारखान्यात त्याच गाड्यांचे बोल्ट आवळायला लागला, त्यामुळे गाड्यांना तोंडभरून शिव्या देण्याचीही सोय राहिली नाही. शिवी निम्मी बाहेर येईतो जयाबाई म्हणायच्या, “अहो, त्यावरच चूल पेटतेय आपली.”

नथूने मागच्या वर्षी चौकात हात वर करून पाऊल टाकलं. तीनच वाजले होते. आता त्याच्या मांडीत सळई आहे. दवाखान्यात भेटायला गेलेल्यांना तो सांगायचा की ड्रायव्हर नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. मिलचे जुने लोक ऐकून मान हलवायचे. त्यांना हे पटायचं.

आता झालं असं, की मैत्रीला, म्हणजे सुनेला, एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली. सोमवारपासून सकाळी सातला हजर. नात धम्मदीना सहा वर्षांची, शाळा साडेसातची, आणि घर आणि शाळा यांच्या बरोबर मध्ये तो नथूचा चौक. रत्नपालजी जेवता जेवता म्हणाले, मी नेत जाईन तिला. ते इतक्या सहज म्हणाले, की जयाबाईंनी ओळखलं, हा माणूस दोन दिवस हे वाक्य घोकतोय. मिल बंद पडल्यापासून सहा वर्षांत त्यांना कुणी कुठे वेळेवर हजर राहायला सांगितलं नव्हतं. मैत्री ‘बघू’ म्हणाली. एका ऑटोवाल्याशी तिने बोलून ठेवलं होतं, हे तिने सांगितलं नाही. तो बारा पोरं नेत असे आणि पोरांचे पाय बाहेर ठेवत असे.

मग सुट्टीच्या शेवटच्या रविवारी लालबाग राजवाड्याच्या आवारातल्या मेळ्याला जायचं तिनेच काढलं. बुद्धरत्नला ओव्हरटाइम होता. बाकी चौघं निघाली. ही सहल नसून परीक्षा आहे, हे रत्नपालजींना टेम्पोतून उतरल्यावर कळलं. मेळ्याचं फाटक रस्त्याच्या पलीकडे होतं, आणि मैत्रीने पोरीचा हात मुकाट्याने त्यांच्या हातात दिला.

जबाबदारीने माणूस ताठ होतो. रत्नपालजी ताठ झाले, त्यांनी मोकळा हात वर केला आणि पाऊल टाकलं.

रस्ता बाजूला झाला नाही. ब्रेकचा आवाज झाला, मैत्रीने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं, आणि एक निळी मोटार रत्नपालजींच्या धोतरापासून वीतभर अंतरावर थांबली. खिडकीतून एका पोरगेल्या माणसाने डोकं काढलं. “क्यों काका, घर पे बोल के आए हो क्या?”

रत्नपालजींचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचा कसा, हे त्यांना काही केल्या सुचेना.

मैत्रीने धम्मदीनाला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं, म्हणजे सासऱ्यांच्या आणि पोरीच्या मध्ये आता ती स्वतः होती. निकाल लागला. जयाबाईंनी नवऱ्याच्या धोतरावरची नसलेली धूळ झटकली.

मेळ्यात शिरल्यावर रत्नपालजींचे पाय दुखायला लागले. मेळा मेळ्यासारखा होता. जयाबाईंनी लोणच्यासाठी एक चिनी मातीची बरणी घेतली आणि मग ती दिवसभर पोटाशी धरून फिरल्या. मौत का कुआँ रत्नपालजींना मनापासून आवडला. फटफट्या भिंतीवर गोल गोल फिरत होत्या, आणि बघणारे लोक सगळे वर कठड्याला सुरक्षित उभे होते. गाड्या असाव्यात तर अशा खड्ड्यात असाव्यात, असं त्यांना वाटलं. पण आज मत द्यायचा दिवस नव्हता.

मैत्री गराडूच्या कंदाच्या फोडी तळून घ्यायला ठेल्यापाशी गेली, तेव्हा नात त्यांच्याजवळ येऊन बसली. शाळेत सगळं शिकवलंय, म्हणाली. पहिले उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग परत उजवीकडे.

“परत कशाला? एकदा पाहिलं ना?”

“तेवढ्यात दुसरी येते ना, आजोबा.”

रत्नपालजींनी यावर विचार केला. एकतीस वर्षांत त्यांना हे कुणी समजावलं नव्हतं. हात केव्हा वर करायचा, त्यांनी विचारलं. हात वर करायचा नसतो, असं कळलं.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि फाटकावर दीड-दोनशे माणसं साचली होती. ती गर्दी पाहून रत्नपालजींना बरं वाटलं. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं. जॉबरच्या जुन्या आवाजात त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, थांबा, सगळे मिळून जाऊ, गाड्या आपोआप थांबतील. एक-दोघांनी वळून पाहिलं. एक जण म्हणाला, “भिया, अपना अपना देखो.” आणि खरंच प्रत्येक जण आपलं आपलं बघून पळत सुटला, कुणी स्कूटरच्या पुढून, कुणी मागून, कुणी पोराला काखोटीला मारून. दोनशे माणसं होती, पण रस्ता प्रत्येकाचा वेगळा होता.

त्या रेट्यात जयाबाई बरणीसकट पलीकडे गेल्या. त्यांना धरायला धावलेली मैत्रीही गेली. धम्मदीनाने पदर धरलाय असं तिला वाटलं होतं. पलीकडे पोचून ती वळली, तेव्हा पोरगी अलीकडेच होती. आजोबांना शिकवायला म्हणून तिने त्यांचं बोट धरून ठेवलं होतं.

मैत्रीने तिकडून दोन्ही हात पुढे करून थांबा, थांबा अशी खूण केली. ती काहीतरी ओरडलीही, पण मधून एक बस गेली. परत यायला म्हणून तिने दोनदा पाऊल टाकलं आणि दोनदा मागे घेतलं.

रत्नपालजी थांबले. उजवीकडे पाहिलं, गाडी होती. ती गेल्यावर डावीकडे पाहिलं, टेम्पो होता. परत उजवीकडे पाहिलं, तर पोरगी म्हणाली होती तशी दुसरी आली होती. मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारून माणसं पळत होती. एकाने जाता जाता पाठीवर थाप मारली, “चलो काका, निकल लो.” रत्नपालजींचा पाय उचलला गेला आणि जिथे होता तिथेच परत आला. मोकळा हात मध्येच वर जायला बघत होता. तो त्यांनी कोटाच्या खिशात कोंबला आणि आत मूठ आवळून ठेवला.

“आजोबा, थकलात?”

“नाही बेटा. उभं राहणं येतं मला.”

हे अगदी खरं होतं. विणकामाच्या साच्यांपुढे ते आठ-आठ तास उभे राहिले होते. मिल बंद झाल्यावर तिच्या फाटकापुढे उभे राहिले, मग कोर्टापुढे, मग कामगार कचेरीच्या जिन्यात. सहा वर्षांत त्यांनी दुसरं काही केलेलंच नव्हतं. एका रस्त्याने ते काय दमणार होते.

मग एकदा रस्ता आपसूकच रिकामा झाला. कशामुळे ते कळलं नाही. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, परत उजवीकडे पाहिलं, आणि खात्री होईना म्हणून आणखी एकदा डावीकडे. मग आजोबा आणि नात चालत पलीकडे गेले, न पळता.

मैत्रीने पोरीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. टेम्पो आला, भरला, सुटला. परदेशीपुरा जवळ आल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, “वीस मिनिटं उभे होता, बाबा.”

“असेन.”

“शाळा दहा मिनिटांवर आहे.”

“हो.”

“उशीर झाला तरी चालेल. पण हात वर नाही करायचा.”

रत्नपालजींनी खिशातला हात बाहेर काढला नाही. “नाही करणार.”

“मग उद्या माझ्याबरोबरच निघा. साडेसहाला.”

जयाबाईंनी बरणी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं. रत्नपालजींनी मान हलवली. मिलच्या सातच्या पाळीला ते सव्वासहालाच निघायचे.