खजुराच्या डब्यात मावलेला माणूस

मित्रांनो, देशांचा इतिहास राजवाड्यांत नसतो, ग्रंथांत नसतो आणि चौकातल्या पुतळ्यांत तर मुळीच नसतो. तो माझ्या पोटात असतो. एका अख्ख्या अरबी देशाचा भूतकाळ मी चाळीसहून अधिक वर्षं पोटात सांभाळला आहे. मी एक जुना खजुराचा डबा आहे. सध्या माझ्या पोटात बोअरच्या स्टार्टरचे फ्यूज, थोडे गंजके खिळे आणि एक मेलेली पाल आहे.

माझा पत्रा कुठला, छपाई कुठली, ते मला कुणी सांगितलं नाही. मला शुद्ध आली ती मस्कतच्या बाजारात, पोटात खजूर भरल्यावर. झाकणावर एक रुबाबदार उंट होता. आता त्याची मान झिजून गेली आहे, त्यामुळे हल्लीची मुलं त्याला शेळी समजतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

मला विकत घेतलं मल्हारीनं. मल्हारी शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचा. तो आणि त्याचा जोडीदार संपत, दोघंही भीमेच्या काठानं मेंढरं वळणारे गडी. सत्याहत्तर साली मुंबईच्या एका एजंटाच्या नादानं दोघं मस्कतला आले. "तिकडं बी मेंढरंच राखायची हायेत," असं एजंट म्हणाला होता. इथं उतरल्यावर त्यांच्या हातात पहार देण्यात आली.

तो देश तेव्हा नवा होत होता. नवा होताना देश आधी जुनं पाडतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याही गावचा रस्ता कधीतरी रुंद झाला असेलच. बंदराजवळ मातीची एक जुनी वेस होती. पूर्वी रात्री ती बंद व्हायची, आणि मग हातात कंदील धरल्याशिवाय कुणाला रस्त्यानं फिरता येत नसे. ती वेस पाडून तिथून मोठा रस्ता न्यायचा होता, आणि ते काम मल्हारीच्या टोळीकडं आलं.

पाडण्याआधी एक परदेशी साहेब वेशीचा फोटो काढायला आला. त्याला फक्त वेस हवी होती. त्यानं हातानं गड्यांना बाजूला व्हायची खूण केली. गड्यांना वाटलं, नीट ओळीत उभं राहायला सांगतोय. ते पाच जण वेशीपुढं ओळीत उभे राहिले आणि काही केल्या हलेनात.

संपतला फोटोची फार निकड होती. नव्या लग्नाची बायको, दगडाबाई, प्रत्येक पत्रात दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची, फोटो पाठवा. त्यांच्या खोलीत सगळ्यांत मिळून गॉगल एकच होता, मल्हारीचा. ज्याचा फोटो निघायचा, त्याच्या नाकावर तो चढायचा.

"घाल," मल्हारी म्हणाला, "पर काचंला बोटं लावू नगंस."

संपतनं गॉगल घातला आणि दात दिसतील असा हसला. शेजारी मल्हारी उन्हानं डोळे बारीक करून, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. साहेबानं कंटाळून बटण दाबलं.

त्याच आठवड्यात वेस पाडायला घेतली. ती पुढं पडायची होती, ती मागं पडली. मागं संपत होता.

मित्रांनो, यापुढचं मी थोडक्यात सांगतो. मल्हारीनं खोलीवर येऊन मला रिकामं केलं. खजूर सगळ्यांना वाटला, तो कुणी खाल्ला नाही. मग त्यानं माझ्यात संपतची राख भरली. खजुराचा चिकटा माझ्या कडांना तसाच होता. मला आधी धुवावं, हे त्याला सुचलं नाही.

मुंबईहून रेल्वेनं आम्ही दौंडला उतरलो. दौंडहून एसटी, पुढं पायी. सगळा प्रवास मी मल्हारीच्या मांडीवर होतो. एसटीत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "खजूर हाय जनू?" मल्हारीनं मला पोटाशी ओढलं. म्हातारा म्हणाला, "लई गर्व आला बाबा तिकडं जाऊन!"

दगडाबाई दारातच उभी होती. ती आधी मल्हारीच्या मागं बघत राहिली, आणखी कुणी येतंय का म्हणून.

"वैनी, संपत..." मल्हारीनं मला पुढं धरलं.

दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलं, माझ्यावरच्या उंटाकडं पाहिलं.

"सा फुटाचा गडी गेला हुता इथनं. खजुराच्या डब्यात मावतो व्हय?"

"वैनी, म्या सोताच्या हातानं अग्नी दिला..."

"राख कुनाची बी आसंल. चुलीतली बी आसंल. त्याला तिकडंच टाकून एकला आलास तू. उचल त्यो डबा."

मल्हारीनं मला उचललं. राख त्यानं एकट्यानं भीमेत सोडली. मला मात्र त्या वेळी धुतलं, चांगलं तीन-तीनदा, वाळूनं घासून.

तो परत मस्कतला गेला. साहेबानं त्या फोटोची प्रत दिली होती. काही वर्षांनी कायमचा गावी आला तेव्हा ती घेऊन तो दगडाबाईच्या दारी गेला. तिनं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, पुन्हा दार लागलं. दगडाबाई रोज कपाळावर ठसठशीत कुंकू लावत राहिली. गाव आधी हळहळलं, मग हसलं, मग विसरलं.

मल्हारीची बायको अनसाबाई मला घरात घ्यायला तयार नव्हती. "माणसाची राख ठिवलेल्या डब्यात मी पीठ ठिवायची न्हाई," असं तिनं साफ सांगितलं. म्हणून मल्हारीनं माझ्यात मस्कत ठेवलं. बैसा नावाची तिकडची नाणी, लोबानचे खडे, बंदरातल्या गलबतांचे नि खजुरीच्या बागांचे फोटो, तो गॉगल आणि तो वेशीचा फोटो. ते माझे वैभवाचे दिवस होते. गावची पोरं लोबान हुंगायला यायची. लग्नात नवरदेव गॉगल मागून न्यायचे. सगळे मल्हारीला "मस्कतवाले आबा" म्हणायचे. पुढं घरोघरी मोबाईल आले, चार जण दुबईच्या सहलीला जाऊन उंच इमारतीखाली फोटो काढून आले, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. अनसाबाई गेली. आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

मला माळ्यावरून काढलं ते त्यांच्या नातीनं, स्नेहलनं. ती रांजणगावला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिनं वेशीचा फोटो मोबाईलवर काढून जुन्या मस्कतचे फोटो जमवणाऱ्या एका गटात टाकला. तासाभरात मस्कतहून एका बाईंचं उत्तर आलं. माझी आजी याच वेशीतून पाणी आणायची, असं त्यांनी लिहिलं होतं. आम्ही जुन्या मस्कतच्या फोटोंचं आणि वस्तूंचं प्रदर्शन भरवतोय, पण या वेशीचा एकही फोटो आमच्या देशात कुणाकडं नाही. आणि पुढं उभी असलेली ही माणसं कोण?

स्नेहल फोटो घेऊन आबांच्या खाटेपाशी बसली. "आबा, यात कोण कोण आहे?"

आबांनी डावं बोट उचललं आणि गॉगलवाल्यावर ठेवलं. तोंडातनं नुसता "स... स..." असा आवाज आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आबांचा मुलगा चांगदेव लगेच म्हणाला, "सोताच हाय म्हनत्यात! गॉगल बघ की, घरातला हाय तो."

आबा पुन्हा पुन्हा बोट आपटत राहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. स्नेहलनं मस्कतला कळवलं, गॉगलवाले माझे आजोबा मल्हारी. मी खाटेखाली होतो. मला पाचही नावं पाठ होती. पण पत्र्याला कोण विचारतं?

चारच महिन्यांनी आबा गेले.

दशक्रियेच्या फ्लेक्सला फोटो कुठला द्यायचा, यावर घरात चर्चा झाली. आधारकार्डावरचा फोटो चांगदेवला पसंत नव्हता. "त्यात आबा मेल्यावानी दिसत्यात," असं त्याचं म्हणणं पडलं. शेवटी मांडवगण फराट्याच्या दुकानातून मोठा फ्लेक्स करून आणला. दुकानदारानं मागची वेस आणि आजूबाजूचे चौघं पुसून टाकले, मागं निळं आकाश आणि ढग लावले. तिकडच्या साहेबाला वेस हवी होती तेव्हा माणसं आडवी आली. इकडं माणूस हवा होता तेव्हा वेस आडवी आली. "भावपूर्ण श्रद्धांजली" या अक्षरांखाली संपत गॉगल घालून हसत होता.

भीमेच्या घाटावर सगळं गाव जमलं. गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू पिंडापाशी मांडतात, म्हणून मलाही तिथं नेऊन ठेवलं. आधी प्रवचन झालं, मग भाषणं. तालुक्याचे एक पुढारी फ्लेक्सकडं हात करून गहिवरले. "हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही! याच चेहऱ्यानं मला राजकारणात उभं राहायचं बळ दिलं!" संपत गेला तेव्हा पुढारी पाळण्यात असावेत.

पिंडाला काही केल्या कावळा शिवेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. चांगदेव हात जोडून कबुलीवर कबुली द्यायला लागला.

"आबा, बांधाचं भांडान मिटवतो."

कावळा बाभळीवरून बघत राहिला.

"आबा, स्नेहलचं लगीन यंदाच उरकतो."

"मला न विचारता?" स्नेहल म्हणाली.

"गप गं! कावळ्याला सांगतोय."

कावळ्यालाही ते पटलं नाही. ऊन वर आलं. पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून दगडाबाई पुढं आली. काठी टेकत, डोक्यावर पदर घट्ट धरून. ती कधी मल्हारीच्या दारात गेली नव्हती, आज घाटावर कशी आली कुणास ठाऊक. ती फ्लेक्सपुढं जाऊन उभी राहिली.

"ह्यो मल्हारी न्हाई."

"काकू, आबाच हायेत की," चांगदेव म्हणाला. "गॉगल बघा."

"गॉगल आसंल मल्हारीचा. खालचं त्वांड माझ्या मालकाचं हाय. हनुवटी बघ. एडक्यानं ढुशी दिली तवा फुटली हुती. म्याच हळद दाबली हुती."

पुढारी मागच्या मागं गाडीकडं सरकले. स्नेहलनं धावत येऊन मला पिंडापासून उचललं, फ्लेक्सपाशी ठेवून माझं झाकण उघडलं, मूळ फोटो काढून दगडाबाईच्या हातात दिला. दगडाबाईनं तो डोळ्यांजवळ नेला. मग गॉगलवाल्याच्या शेजारी, डोळे बारीक करून उभ्या असलेल्या गड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो तुझा आबा. खांद्यावर हात टाकल्याला."

"आबा स्वतःला दाखवत नव्हते," स्नेहल म्हणाली.

दगडाबाईचं बोट पुन्हा गॉगलवाल्यावर गेलं. "किती पोरगा हाय गं ह्यो. म्या म्हाताऱ्याची वाट बघत हुते. दात पडल्याला, काठी टेकत येईल म्हनलं. ह्यो हाय तसाच हाय. जित्ता माणूस असा ऱ्हात न्हाई."

मग तिनं खाली वाकून माझ्यावर हात ठेवला. तिच्या तळव्याला घट्टे पडले होते. "भावजी, ह्याच डब्यात हुता का?"

हे तिनं पिंडाकडं बघून मल्हारीला विचारलं. व्हय, असं मी म्हणालो असतो.

"मग मावला म्हनायचं," ती म्हणाली.

त्याच वेळी कावळा शिवला. लोक म्हणाले, आबांची इच्छा पुरी झाली. मी पत्र्याचा, कावळ्याच्या मनातलं मला काय कळणार? फोटो बघायला सगळी गर्दी फ्लेक्सकडं गेली होती आणि पिंडाजवळ कुणी उरलं नव्हतं, एवढं मात्र मी पाहिलं.

फोटो दगडाबाईकडंच राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गावानं ते पाहिलं आणि गाव पहिल्यांदाच काही बोललं नाही. हे बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मस्कतला प्रदर्शन भरलं. स्नेहलनं चूक कळवल्यावर त्या बाईंनी मोबाईलवरून छापलेल्या फोटोखाली दोन नावं नीट लिहिली, आणि वेस पडली तेव्हा तिच्याखाली कोण होता, तेही लिहिलं. स्नेहलच्या मोबाईलवर मी पाहिलं, लोक त्या फोटोपुढं थांबतात आणि डोळे पुसतात. बहुतेक जण वेशीसाठी पुसतात. पुसू देत. बाकीच्या तिघांच्या पायाखाली जागा कोरी आहे.

आणि मी? नाणी नि लोबान मस्कतला गेलं, गॉगल चांगदेवनं कपाटात कुलूप लावून ठेवला, आणि रिकामा डबा कशाला वाया घालवायचा म्हणून मला बोअरच्या खोपटात आणलं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो बाहेर काढा. त्यांतली माणसं ओळखणारं कुणीतरी अजून बोलतंय, तोवर त्यांच्या खाटेपाशी बसा, आणि त्यांनी बोट कुणावर ठेवलं ते नीट बघा. प्रत्येक फोटोमागं नावं लिहून ठेवा. आणि एवढं सगळं तुमच्याच्यानं होणार नसेल, तर निदान फ्यूज घ्यायला याल तेव्हा माझ्यातली ती पाल तेवढी काढा.