मिंबा

"रिबेका नाहीच आहे, श्रीरंग. चार वेळा चेक केलं," वीणानं चष्मा कपाळावर सारला.

साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या काउंटीच्या दफ्तरात माझी बायको एकोणीस वर्षांपासून जुने कागद स्कॅन करते. स्कॅन करायचं, वाचत बसायचं नाही, असा नियम आहे. पण प्रत्येक कागदात डोकं घातल्याशिवाय बाईसाहेबांना अन्न गोड लागत नाही. मी तिला घ्यायला आलो की ताटकळणार, हे ठरलेलंच.

१८९३च्या ऑगस्टमधल्या वादळानं समोरची बेटं धुऊन नेली होती. त्यात बुडालेल्यांची नावं आता चर्चच्या आवारातल्या शिळेवर कोरली जाणार होती. पण कागदावर सापडली तरच. यादी आज चार वाजता जायची होती. ब्याऐंशी वर्षांच्या मिस लुईझा आपल्या आजीच्या धाकट्या बहिणीसाठी, रिबेकासाठी, आल्या होत्या.

"आजी तिला धरून ओकच्या झाडावर चढली होती. तिथून हात सुटला," त्या म्हणाल्या. साडेतीन वाजले तशी त्यांनी पर्स उचलली. "राहू दे, पोरी."

वीणा हलली नाही. "घरी तिला काय म्हणायचे? माझ्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून त्यांना दगडू म्हणायचे. दृष्ट लागू नये म्हणून. विश्वनाथ फक्त शाळेत. त्या नावानं विचारलं असतं, तर गावात कुणी घरही दाखवलं नसतं."

मिस लुईझा हसल्या. "आमच्यातही बाळ टोपलीत झोपण्याएवढं असतानाच त्याला घरचं वेगळं नाव देतात. मी पिंची. पण रिबेकाचं कुणाला ठाऊक?"

"आजी कधी बोलली नाही?"

"चकार शब्द नाही. ऑगस्टमध्ये मात्र किनाऱ्यावर जाऊन कुत्र्याला हाका मारायची. लहानपणीचं कुत्रं असावं. आम्ही पोरं मागे उभी राहून हसायचो."

"कुत्र्याचं नाव काय?"

"वीणा, उशीर होतोय यार! कुत्र्याचं काय घेऊन बसलीस?" मी म्हणालो.

"मिंबा," मिस लुईझा म्हणाल्या.

वीणाचं बोट सापडलेल्या प्रेतांच्या जुन्या यादीवरून सरकत गेलं आणि थांबलं. तिनं कागद त्यांच्याकडे वळवला. कुणा पाद्र्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मिंबा. मुलगी, सहा वर्षांची असावी. ओकपाशी सापडली.'

मिस लुईझांनी ते दोनदा वाचलं आणि त्या खाली बसल्या.

"आम्ही हसायचो," त्या म्हणाल्या.

मला माझ्या घाईची लाज वाटली.

चारला पाच कमी असताना वीणानं फॉर्म ओढला. "रिबेका लिहू?"

"नको. आजी हाक मारायची तेच लिही. त्याच नावाला ती ओ देत असेल."

त्यांना घरी सोडताना त्यांनी किनाऱ्याशी गाडी थांबवायला सांगितली. काठी टेकत पाण्यापर्यंत गेल्या.  मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली. त्यांच्या मागे मी आणि वीणा उभे होतो.