संपादक पाहिजे, मानधन नाही

जाहिरात मीच लिहिली होती आणि ती वाचून कोणी येईल असं मलाही वाटलं नव्हतं. 'युद्धवार्ता या ब्लॉगला रोजचा आढावा लिहायला स्वयंसेवक संपादक पाहिजे. मानधन नाही. सुट्टी नाही. इंग्रजी-हिंदी वाचता यावं आणि वाचलेलं पचवता यावं.' वर्तमानपत्रातली नोकरी गेल्यावर माणसं किराणा दुकान टाकतात. मी गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरात बसून परक्यांच्या लढाईच्या बातम्या मराठीत करायला लागलो. आता डोळे दगा देऊ लागले होते आणि सकाळी सातचा आढावा नऊवर जाऊ लागला होता. उशिरा दिलेली बातमी म्हणजे शिळी भाजी, हे माझं मत आहे आणि ते मी कोणालाही ऐकवतो.

पहिला फोन पुण्याहून आला. त्याला प्रमाणपत्र हवं होतं. दुसऱ्याला एकाच बाजूचे मेलेले मोजायचे होते, त्याला मी फोनवरच हाकललं. तिसरी मात्र स्वतः दारात येऊन उभी राहिली. पुष्पांजली नाव, गाव कोहमाऱ्याजवळ. बी.एस्सी. झालेली, फाट्यावरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये लोकांचे फॉर्म भरून द्यायची. खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.

"सर, माजा नवरा तिकडेच आहे. लढाईत."

तिच्या नवऱ्याला, ओमेशला, एका एजंटानं गोदामात हेल्परचं काम म्हणून नेलं होतं. तिथं न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली आणि अंगावर वर्दी चढवली.

"आखरीच्या फोनवर म्हणे, खंदक खोदून राहिलो," ती म्हणाली. "तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतला पोरगा आहे सर. याच्या खानदानानं गावचा तलाव बांधला. न् तिकडं त्याले मरायचे खड्डे खोदाले लावले."

"मग तू कायले या बातम्या लिहितेस? वेड लागेल."

"घरी बसून बी लागूनच राहिलं. आमाले कोणी काही सांगत नाही. तुमच्याकडं खबर आधी येते. वाईट असन तर मायले मी सांगीन. टीव्हीवाल्यानं सांगू नये."

माय म्हणजे तिची सासू, देवकाबाई. घरात या दोघीच. पोरीला नाही म्हणायला पाहिजे होतं, एवढी अक्कल मला आहे. पण माझीही गरज होती. ब्लॉगचा पासवर्ड मी तिला देऊन टाकला.

काम ती झकास करायची. आकडा कोणी दिला, खरा किती, खोटा किती, हे बरोबर वेगळं काढायची. मग एक दिवस मी सातचा आढावा उघडला, तर त्यात एकही माणूस मेलेलं नव्हतं. कोणतं गाव पडलं, कोणता पूल उडाला, सगळं होतं. मेलेल्यांची बातमी मात्र दुपारी वेगळी आली. मी फोन उचलला आणि तिची खरडपट्टी काढली.

"ही वार्ता आहे का चेष्टा? माणसं काल मेली आणि तू आज दुपारी सांगतेस?"

"सकाळी लोक उपाशी राहतात सर," ती शांतपणे म्हणाली. "आमच्याकडं मौतीची खबर जेवल्याबिगर सांगत नाही. एकदा सांगतली का घरात चूल पेटत नाही. पोटात दोन घास असले तर मानूस उभा तरी राहते."

"अगं, आपल्या वाचकांचं कोण मेलंय तिकडे?"

तिचा नवरा तिकडेच होता, हे मला बोलल्यावर आठवलं. मग मलाच कसंतरी झालं. तरी मी ऐकणारा नव्हे. आठवडाभर भांडलो, रोज धमकी दिली, आणि ती रोज दुपारीच टाकत राहिली. शेवटी मी नाद सोडला.

मग एका सकाळी लुधियानाहून फोन आला. तिथल्या एका सरदारजींचा मुलगा ओमेशच्याच तुकडीत होता आणि ते अधूनमधून मला तिकडची हालहवाल कळवायचे.

"भाईसाब, वो गोंदियावाला लड़का नहीं रहा. मेरे बेटे ने खुद उठाया उसको."

मी दोनदा विचारलं. शंकेला जागा नव्हती. मेसेज करतो, म्हणाले, आणि ब्लॉगच्या मेसेजपेटीत ते सगळं लिहूनही पाठवलं. ती पेटी पुष्पांजली उघडायची. मी घाईघाईनं पासवर्ड बदलला, चपला घातल्या आणि कोहमाऱ्याची बस धरली. फोनवर सांगायची माझी छाती नव्हती. फाट्यावर ढाब्यांची भांडी वाजत होती, ट्रकवाले हसत होते आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

पुष्पांजली अंगणातच उभी होती.

"सकाळपासून पासवर्ड लागून नाही राहिला, सर," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, सांगायचं काही उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. "मायचं जेवण होऊ द्या. तुमी बी हात धुवा."

आत देवकाबाई ताटावर बसल्या होत्या. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. पुष्पांजलीनं माझंही पान वाढलं.

"तुमीच काय ते पेपरवाले गुरुजी?" म्हातारी हसून म्हणाली. "पोरीले लय रागावता म्हणे."

"स्वभाव आहे, माय."

"रागवा न. काम मन लावून करते ते." त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "आमच्या ओमेशची काही खबर?"

उभ्या जन्मात मी बातमी कधी अडवून धरली नव्हती.

"आधी जेवून घ्या, माय," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि चूक कळली. या गावात या वाक्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक होता. देवकाबाईंचा हात भातातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. पुष्पांजली भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"पुष्पा, तू बी ताट घे."

"मले भूक नाही, माय."

"बस म्हन्लं न. उद्या कोण उभं राहीन?"

ती बसली. म्हातारीनं तिच्या ताटात भात वाढला, त्यावर वरण वाढलं, मग माझ्याही. आम्ही तिघं खाली मान घालून जेवलो. पातेल्यातला भात संपेपर्यंत कोणी उठलं नाही. शेवटी देवकाबाईंनी हात धुतला, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

"आता सांगा, गुरुजी."