नईमाच्या डब्यांची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची शेगडी आहे. दुसऱ्या कोणी भंगार म्हणण्याआधी आपणच स्वतःला जुनी म्हटलेले बरे. सध्या माझा मुक्काम अकोटला, नईमाच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आहे. एका बाजूला कान तुटलेली बरणी आहे आणि दुसऱ्या बाजूला उंदरांचे बीळ. शेजार काही निवडून मिळत नाही.

माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला. तिथे एका बोळात गयासुद्दीन मिस्त्रींचे टीचभर दुकान होते. नागमोडी खाचांची मातीची चकती, तिच्याभोवती पत्र्याचे कडे, खाली तीन पाय आणि खाचांत बसवलेली कॉईल, एवढीच माझी काया. पण कॉईल ताणायला हात बसलेला लागतो. नवी कॉईल अंग आवळून बसलेली असते. मिस्त्री तिचे एक टोक खिळ्याला अडकवत आणि श्वास रोखून ती ओढत. एखादे वेटोळे जास्त सुटले की शेगडी नेमकी तिथेच जळते. माझी कॉईल ताणायला त्यांनी अख्खी दुपार घालवली, कारण मी विकायची नव्हते. मी त्यांच्या लेकीच्या, नईमाच्या लग्नातली होते. सतरंजीत गुंडाळून, एस.टी.च्या टपावर बसून मी अकोटला सासरी आले.

सुरुवातीची वर्षे माझी होती. नईमा माझ्यावर रांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माह्या अब्बाच्या हातची हाये." मी लाल व्हायचे. तसे ते माझे कामच होते म्हणा!

मग सहा वर्षे वाट पाहून तिला गॅसचा नंबर लागला. निळ्या ज्योतीची ती चकचकीत बया ओट्यावर चढली आणि मी ओट्याखाली गेले. मला राग आला नव्हता असे म्हटले, तर ते खोटे होईल. पण गॅस आला म्हणून नईमाला डबे सुरू करता आले, हेही तितकेच खरे. बाजारातले शिंपी, गॅरेजचे कारागीर, कापडदुकानातले नोकर अशा वीस जणांना ती दुपारचा डबा देऊ लागली. तिचा नवरा उस्मान कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. जिनिंग चार-पाच महिने चाले. बाकीचे वर्ष घर डब्यांवरच उभे असे.

पुढे वाईट वर्षे आली. पाऊस हात राखून पडू लागला, कापसाला अळीने खाल्ले. शेतात पिकले नाही की अकोटच्या बाजारात कोण येणार? शिंप्यांच्या मशिनी थंडावल्या आणि वीस डब्यांचे चौदा झाले. त्यातच गॅसची टाकी महागली. नईमा रिकाम्या टाकीकडे पाहत बसे आणि तिच्या कपाळावरची आठी मला ओट्याखालूनही दिसे.

शेजारी दुर्गाबाई राहत. त्या अंगणवाडीत सेविका होत्या, हिशोबाला पक्क्या आणि जिभेला त्याहून पक्क्या. एके दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "नईमा, कपाळाले हात लावून काय होते? गॅस स्वस्त पडते का लाईट, हे मोजून पाह्य ना. मागचा मईना गॅसवर केलं. आता एक मईना शेगडीवर कर. मीटरचा आकडा मी लिहून ठेवतो."

"बरोबर हाये," नईमा म्हणाली, "मईन्याले मईना."

तिने मला बाहेर काढले, पुसले आणि ओट्यावर ठेवले. मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी फुशारले की एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. आदल्या संध्याकाळी चाँद दिसला होता. रोजे सुरू झाले होते.

डबा घेणाऱ्या चौदांपैकी अकरा जण रोजेदार होते. त्यांचे दुपारचे डबे महिनाभर बंद झाले आणि उरले फक्त तीन. नईमा पहाटे तीनला उठून सहेरीचे करी आणि सूर्य मावळायच्या आत इफ्तारीचे. तेही घरच्या चार माणसांपुरते. उपाशीपोटी केलेले काम दुप्पट वाटते. त्यामुळे तिला वाटे, एवढे तर मी कधीच रांधले नव्हते. दुर्गाबाईंना पहाटेचा दिवा दिसे, तेव्हा त्यांनाही तेच वाटे. मला मात्र ठाऊक होते. तीन डबे झाले की दुपारभर मी थंड पडून असे.

महिना भरला. दुर्गाबाईंनी मीटर पाहिले, कागदावर वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा फुलला. "अव माय! लाईट तं अर्ध्यात पडली!"

मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा गॅसला हरवले होते, आणि मला घाम फुटायचा तेवढा बाकी होता. कारण नईमा लगेच म्हणाली, "मंग गॅसचं कनेक्शनच वापस देऊन टाकतो. डिपॉझिट भेटते, त्याच्यात मोठी देगची घेतो. पाच-सात डबे वाढवता येतीन."

"पाह्य बाई, मिळालेला नंबर सोडून राहिली तू," दुर्गाबाई जरा घुटमळल्या. पण आकडा त्यांचाच होता. कागदाची घडी घालून त्या घरी गेल्या.

ईद झाली. एजन्सीतून आणलेला कनेक्शन परत करायचा फॉर्म भरून डब्याखाली दाबून ठेवला होता. सोमवारी तो द्यायचा होता. एकदा दिला की पुन्हा नंबर लागायला किती वर्षे जातील, कोण जाणे. अकरा रोजेदारांचे डबे परत सुरू झाले. चौदा डब्यांच्या पोळ्या, चौदा डब्यांचे वरण, भाजी आणि भात! त्यात सकाळी लाईट जायची ती दोन-दोन तास यायची नाही. आली की नईमा मला एका दमात तापवायची. बाहेर मीटरची चकती गरगरा फिरायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. युनिट एका मर्यादेपुढे गेले की दरही चढतो. हे बिल आले की काय होईल? बिल भरले नाही तर लाईट तुटेल, गॅस तर गेलेलाच असेल, आणि डबे बंद पडतील. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण शेगडीला तोंड कुठले? तिला नुसती धग असते.

शनिवारी बाराव्या डब्याच्या पोळ्या चालू असताना माझी कॉईल तुटली. तुम्ही म्हणाल, मुद्दाम तोडून घेतली असेल. नाही हो. तेवढे शहाणपण तारेत नसते. जास्त ओढले की तार तुटते, एवढेच. घरची टाकी रिकामीच होती, म्हणून उरलेल्या पोळ्या शेजारी दुर्गाबाईंच्या गॅसवर झाल्या.

रविवारी नईमा मला पिशवीत घालून अकोल्याला माहेरी घेऊन गेली. गयासुद्दीन मिस्त्री आता थकले होते. त्यांनी चष्मा पुसला, कॉईल हातात घेतली आणि तुटलेल्या टोकावरून बोट फिरवले.

"किती डबे काढले हिच्यावर?"

"मईनाभर काढले, अब्बा. लाईट अर्ध्यात पडली."

"मईना नाही विचारला, बेटा. डबे विचारले."

नईमा बोटांवर मोजू लागली. शनिवारचे चौदा, शुक्रवारचे चौदा, ईदच्या आधी... तिचे बोट थबकले. तिने तोंडावर हात ठेवला. "अब्बा, रोजे होते. रोज तीनच डबे होते!"

मग तिला सोमवार आठवला. "फॉर्म भरून ठेवला, अब्बा. उद्या देणार होतो."

मिस्त्रींनी नवी कॉईल खिळ्याला अडकवली. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. ताणता ताणता म्हणाले, "मी शेगडीवाला हाव, तरी सांगतो. एक दिवस चौदा डबे हिच्यावर कर, एक दिवस गॅसवर. तेच वरण, तेवढ्याच पोळ्या. हिचे युनिट पाह्य, अन् टाकी एजन्सीच्या काट्यावर ठेवून आधीचं-नंतरचं वजन घे. मंग ठरव."

सोमवारी फॉर्म डब्याखालीच राहिला. नईमाने भरलेली टाकी आणली आणि अब्बांनी सांगितले तसे दोन्ही दिवस केले. दुर्गाबाई मीटरपाशी उभ्या राहिल्या आणि टाकीच्या वजनासाठी एजन्सीच्या माणसाशी भांडल्याही. जो आकडा आला, तो चढलेल्या दराने मांडला, तर मी गॅसपेक्षा महाग पडले, आणि थोडीथोडकी नाही. दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. "माहीच चूक, नईमा. मी रोजे मोजलेच नाहीत."

"तुमी कुठून मोजणार, बाई?" नईमा म्हणाली. "उपाशी तं मी होती. मलेच नाही समजलं." तिने फॉर्म अंघोळीचे पाणी तापवायच्या चुलाण्यात टाकला आणि मग दोघी हसल्या.

तिचे डबे वाचले. मी हरले, आणि मला इतके हलके कधीच वाटले नव्हते. पण खरे सांगते, मला फळीवर ठेवताना तिने माझ्याकडे एकदा वळून पाहायला हवे होते. तिला घाई होती. चौदा डबे वाट पाहत होते.

याला बरीच वर्षे झाली. गयासुद्दीन मिस्त्री गेले. त्यांच्या हातच्या शेगड्या भंगारात गेल्या, मी तेवढी उरले. फळीवरून मी डबे मोजत असते. मध्ये ते नऊवर आले होते, आता सतरा आहेत. उंदीर मात्र सुखात आहेत. माझ्या वायरचे वरचे आवरण त्यांनी दोन ठिकाणी कुरतडून टाकले आहे आणि आतली तांब्याची तार उघडी पडली आहे.

मित्रांनो, गॅसची टाकी आज चौथ्या दिवशीही आलेली नाही. ओट्यावरची ज्योत पिवळी पडू लागली आहे. नईमाने दुपारी दोनदा वर माझ्याकडे पाहिले. उद्या सकाळी ती मला खाली काढणार. इतकी वर्षे मी याच दिवसाची वाट पाहिली, आणि आता तो येऊ नये असे मला वाटते. पीठ मळता मळता ओल्या हातानेच ती प्लग लावते. तिची ती सवय जुनी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी फळीवर पडले असेल, तर वापरण्याआधी त्याची वायर एकदा हाताळून पाहा, पण प्लग काढून. आणि तुमच्यापैकी कोणी अकोटचे असेल, तर उद्या उजाडायच्या आत नईमाच्या दारावर थाप मारा. मला सांगता येत नाही.