चादरींची तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. वीज वाहणारी नव्हे, ओले कपडे वाहणारी. कारखान्यात ओढून-ताणून मला सरळ केलं आणि एका लाँड्रीच्या गच्चीवर दोन खांबांना बांधलं. तेव्हापासून, देवाची कृपा म्हणा, मी कधी रिकामी राहिले नाही. इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी माझ्यावर झुलत. लाँड्रीवाल्या मावशी म्हणत, "बाई, तू आहेस म्हणून माझी चूल पेटते." ते ऐकून मी गंजायचंसुद्धा विसरे.

माझ्या एका अंगाला अणुवीज केंद्राचा घुमट दिसे, दुसऱ्या अंगाला कोळशावरच्या वीज केंद्राची चिमणी. मावशींची धाकटी जाऊ घुमटात यंत्रावर होती. मावशींना मात्र त्याची धास्ती. न दिसणारं काही अंगाला चिकटलं तर, म्हणत. देशाने दोन्ही केंद्रं हळूहळू बंद करायचं ठरवलं, तेव्हा घुमट आधी बंद करा म्हणून मोर्चा निघाला. फलक मावशींच्याच चादरीचा, रंगवून वाळत घातला माझ्यावर. जावेने तो वाचला आणि आणखी दोन चिमटे लावले. वारा होता ना.

घुमट बंद झाला. मावशींनी गोडधोड केलं. पण दिवे तर तेवढेच लागत होते, म्हणून चिमणी रात्रंदिवस धूर ओकू लागली. सकाळची चादर दुपारी बघावी तर काजळीचे काळे तीळ पेरल्यासारखी. इस्पितळाने गठ्ठे परत पाठवले, आणि पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ असं बजावलं. मावशी चादरी खोलीत वाळवू लागल्या, तर कुबट वास. मी गच्चीवर उघडी, कावळ्यांच्या सोबतीला.

मग एके दिवशी जाऊ आली. बंद घुमटाच्या फाटकाबाहेरचं कामगारांचं भोजनगृह ओस पडलं होतं. त्याला काचेचं छप्पर होतं. तिथे चादरी वाळत घालायला तिने केंद्राच्या साहेबांची परवानगीही काढली होती.

"त्या घुमटाच्या सावलीत माझ्या चादरी?" मावशी म्हणाल्या.

"इतकी वर्षं मी तिथेच जेवले, जाऊबाई. माझ्या अंगाला काय चिकटलं, सांगा."

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थोडी चरबी," त्या म्हणाल्या, आणि मला सोडवायला स्टुलावर चढल्या.

आता मी काचेखाली ताणलेली असते. पहिला गठ्ठा इस्पितळाने मुकाट ठेवून घेतला, तेव्हा मावशींनी देवाला हात जोडले आणि जावेला म्हणाल्या, "घुमट जायला हवा, हे माझं मत अजून तेच आहे हं. पण आजाऱ्याच्या उशाशी दोन दिवे असले, तर धुराचा आधी मालवायचा." जावेने चादरीचं दुसरं टोक धरलं.

मित्रांनो, माझ्या कितीतरी बहिणी अजून गच्च्यांवर आहेत. कपडे वाळत घालण्याआधी त्यांना ओल्या फडक्याने पुसा. फडकं काळं निघालं तर तारेवर रागावू नका. चिमणीकडे बघा, आणि ती कधी थांबणार, हे मोठ्यांना विचारत राहा.